शनवारी अडकलेला रथ

३ नोव्हेंबर, सोमवार

आईने आज जाहीर केलं – माझी कादंबरी संपली की ती ठाण्याला परत! मोझूने तिकीट काढून ठेवलंय म्हणे. ओपन तिकीट, फक्त तारीख टाकायची बाकी.

मी चेहरा जमेल तितका पाडला. आतून नाचत होते. तीन हिवाळे ही बाई माझ्या कॅनडातल्या घराच्या बेसमेंटमध्ये मुक्काम ठोकून आहे. माझा नवरा जयदीप कामासाठी म्हणून व्हँकुव्हरला गेला आणि तिकडेच कुणा ॲनिमेशनवालीबरोबर राहिला, तेव्हा आली. मी तेव्हा जराशी ढेपाळले होते. पडदे उघडत नव्हते, फोन उचलत नव्हते, एवढंच. आईने येऊन पडदे उघडले, मग कपाटं उघडली, मग डबे. तेव्हापासून माझ्याच घरात मीठ कुठे आहे हे मला विचारावं लागतं.

मोझूला फोन करून खात्री करणार नाही. माझा सख्खा भाऊ आहे, पण ‘तरी मी सांगत होतो’ हे वाक्य तोंडात धरूनच तो फोनवर येतो.

कादंबरी अर्धी झाली आहे. म्हणजे दीड वर्षं अर्धीच आहे. आता पळेल!

४ नोव्हेंबर

कामावर जायच्या आधी तीन पानं. कोण म्हणतं मला प्रेरणा नाही?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी शब्बाथचा दिवा लागला की शनिवार संध्याकाळपर्यंत लिहू नये. लिहितेय. आई खाली आहे, आणि एलियाहू नबी बघत असेल तर बघू दे.

दर शुक्रवारी नवीन पानं तिला वाचून दाखवायची, ही अट. लॅपटॉपवरून नाही, शब्बाथला चालत नाही. तेव्हा लॅबच्या प्रिंटरवर चोरून छापून आणते. चोरी चालते!

शेजारच्या कमलाबाईही ऐकायला येतात. नागपूरच्या. मुलगा राकेश इथे इंजिनियर आहे, आंबेडकर असोसिएशनचं सगळं तोच बघतो. कमलाबाईंना देवही मान्य नाही आणि नबीही नाही, पण गोष्ट असली की त्या पहिल्या.

गोष्ट अशी आहे, मलाच पुन्हा धागा सापडावा म्हणून लिहून ठेवते. साल १९३०, गाव रेवदंडा. रिबका, हाईम आणि दाऊद, तिघं चुलत भावंडं, घरचा तेलाचा घाणा. आम्हा बेने इस्राएल लोकांना कोकणात शनवार तेलीच म्हणायचे – ज्यू वगैरे कुणाला ठाऊक? तेल काढतात आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात, एवढी ओळख पुरे होती. रिबकाला मुंबईला पळून जाऊन सिनेमात नाचायचंय. हाईमला पॅलेस्टाइनला जाऊन शेती करायचीय, जन्मात कधी नांगर धरला नाही तरी. दाऊदला मीठ बनवून तुरुंगात जायचंय. आणि एका शनिवारी सकाळी एलियाहू नबीचा आगीचा रथ यांच्या अंगणात येऊन बसतो. आस सुकली आहे. चाक फिरत नाही. तेल हवं, आणि आज शनवार!

आई म्हणाली, नबीच्या रथाला तेल लागत नाही. मी म्हटलं, अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर त्या चाकाचा ठसा आहे असं तूच सांगतेस ना? मग चाक आलं म्हणजे आस आली, आस आली म्हणजे तेल आलं. मी दिवसभर युनिव्हर्सिटीत कनोलाच्या बियांमधलं तेल मोजते, तेलाचं मला शिकवू नको. बराच वेळ भांडलो. शेवटी कमलाबाईंनी विचारलं, बैलाला काही होत नाही ना? होणार असेल तर आत्ताच सांग, म्हणजे त्या यायच्या बंद होतील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घोटाळा! रिबकाला मी कोलंबीचं कालवण खायला घातलं. पूर्ण पानभर, चाटूनपुसून. आईने हात वर करून वाचन थांबवलं. खवलं नाही, पंख नाही, असला आमच्यात वर्ज्य प्रकार त्या घरात? १९३० साली? रेवदंड्यात? माझ्या पणजीने ते पातेलं घरातल्यांसकट समुद्रात टाकलं असतं म्हणे.

इतकी वर्षं जयदीपच्या घरचं खाऊन हात सैल झाला, दुसरं काय. कोलंबी खोडून हलवा मासा केला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

इथल्या सिनेगॉगमध्ये एका बाईंनी पुन्हा विचारलं – तुमच्या घराण्याने धर्म कधी बदलला? आईने मला विचारलं, काय म्हणते ती? मी सांगितलं. आई गोड हसली आणि मराठीत म्हणाली, तिला सांग, आमच्या पूर्वजांचं गलबत कोकणात फुटलं तेव्हा तुम्हाला अजून बर्फ कशाशी खातात ते माहीत नव्हतं. मी भाषांतर केलं – शी सेज थँक यू.

दुपारी लायब्ररीतला लेखक-गट. एक प्रकरण इंग्रजीत करून नेलं होतं. ब्रेंडा, गट चालवणारी, फार भली बाई. आधी डोळे पुसले, मग म्हणाली, “लव्हली, सो लव्हली. बट डू दे हॅव टू बी इन इंडिया? आय कीप वेटिंग फॉर द स्नो.” दोन महायुद्धांमधले ज्यू तरुण म्हटल्यावर वाचकाला पोलंड दिसतं म्हणे. व्हायोलिन दिसतं. माझ्या गोष्टीत नारळ दिसतो, त्यामुळे वाचक गोंधळतो.

मी खिडकीबाहेर बघितलं. स्नो हवा असेल तर सस्काटूनमध्ये एप्रिलपर्यंत फुकट आहे, कादंबरीत कशाला घालायचा?

३ डिसेंबर

गाडी भरधाव! दोनच प्रकरणं उरली. शेवट डोक्यात पक्का आहे. ख्रिसमसच्या आत आई ठाण्यात.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज वाचन संपल्यावर आई कमलाबाईंना सांगत होती – मी गेल्यावर हिच्याकडे जरा बघत जा. सकाळी पडदे उघडलेत का एवढं खिडकीतून बघा, बाकी काही नको.

मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

१० डिसेंबर, बुधवार

उणे एकतीस. सहा वाजता घरी आले तर मिट्ट काळोख, आणि आमच्या स्वयंपाकघरात दिवा. दारातूनच नारळाच्या दुधातल्या मटणाचा वास. आई ओट्याशी उभी राहून फोनवर कुणाला तरी सांगत होती की कॅनडातली कोथिंबीर म्हणजे नुसतं गवत.

मी बूट काढत बसले आणि एकदम लक्षात आलं की हे घर जानेवारीत कसं असेल. दिवा बंद. वास नाही. आणि मी आपली बूट काढत बसलेली.

ती जाऊ नये असं मला वाटतं. लिहून टाकलं. कुणी वाचणार नाही म्हणून लिहिलं.

१२ डिसेंबर

शेवटून दुसरं प्रकरण लिहायला बसले. फ्रीज साफ झाला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सुचलं! ब्रेंडाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पॅलेस्टाइनला निघालेल्या हाईमला मी चुकीच्या बोटीत बसवलं आणि थेट पोलंडमधल्या वॉर्साला पाठवलं. तिथे स्नो, तिथे व्हायोलिन, तिथे बोळाबोळांतून फिरणारं एक मातीचं भूत. चार प्रकरणं आरामात जातील. पाचही.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्याच्याकडे स्वेटर नाही.

मी म्हटलं, गोष्ट आहे. ती म्हणाली, गोष्टीत थंडी वाजत नाही का? त्याला परत आण. कमलाबाईंचंही तेच मत पडलं, शिवाय बैल दोन आठवडे दिसला नाही याकडे त्यांनी लक्ष वेधलं.

९ जानेवारी, शुक्रवार

प्रगती. दाऊद तुरुंगात आहे आणि तिथल्या विहिरीत एक जिन्न निघाला आहे. रथाच्या दोन घोड्यांचं आपसात पटत नाही, त्यांचा पूर्वेतिहास लिहिला, अकरा पानं. रिबकाला सिनेमावाल्यांचं बोलावणं आलं, पण नेमकी होडी चुकली. हाईम वॉर्सात. स्वेटर दिला आहे.

आई म्हणाली, “सिपू, नबी नोव्हेंबरपासून अंगणात उभा आहे. त्याला निदान पाणी तरी विचार.”

२१ जानेवारी

उणे अडतीस. इंजिन गरम ठेवायचा प्लग रात्रभर लावूनही गाडी सुरू झाली नाही. हाईम वॉर्सात.

२४ जानेवारी, शनिवार

ब्रेंडा वॉर्साच्या प्रकरणांवर खूश. “नाउ आय कॅन सी देम!” रेवदंड्यातला भाग थोडा कमी करता येईल का, असं विचारलं. थोडा म्हणजे सगळा. मी म्हटलं, विचार करते. विचार केला. नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

कमलाबाई आज दुपारीच आल्या, आई झोपलेली असताना. मी घरून काम करत होते. चहा नको म्हणाल्या. त्या चहा नको म्हणाल्या म्हणजे प्रकरण गंभीर.

“तू मुद्दाम करून राहिली ना?” त्या म्हणाल्या. “त्या पोराला तिकडे थंडीत तूच ठेवून राहिली. आईनं जाऊ नये म्हणून.”

मी आधी साहित्याबद्दल काहीतरी बोलले. त्यांनी बोलू दिलं. मग मी हो म्हटलं.

त्या म्हणाल्या, रोज दुपारी तुझी आई खिडकीशी बसून ठाण्याचंच बोलते. टेंभी नाक्याचं सिनेगॉग, मोझूची पोरं, कुठल्या मासेवालीचा आवाज. तिला जायचं आहे. तुला सोडून जायचं नाही, पण जायचं आहे. म्हाताऱ्या माणसाला असं गोष्टीत कोंडून ठेवू नये.

मला राग आला, आणि तो कमलाबाईंचा नव्हता.

३० जानेवारी, शुक्रवार

हाईमला वॉर्साहून परत आणला. एका वाक्यात. बोटीत बसला आणि आला. त्याच पानावर दाऊदलाही तुरुंगातून सोडवला. आई आणि कमलाबाई दोघींनी टाळ्या वाजवल्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज घरात असं भांडण झालं की कमलाबाई कप घेऊन उठल्या आणि त्यांच्या घरी जाऊन चहा प्यायल्या.

शेवटाचा प्रश्न. शनवारी घाणा फिरवायचा कसा? माझा बेत होता की घाणा बैल फिरवेल, बैलाला कुठे शनवार असतो? आई उसळली. बैलालाही असतो! दहा आज्ञांत स्पष्ट आहे – तुझी जनावरंसुद्धा. लहानपणी घोकून घेतलं होतं ते कुठे गेलं? मग मी म्हटलं, शुक्रवारचं उरलेलं तेल वापरू. ती म्हणाली, मग गोष्ट कसली, वाण्याकडे जाऊन आणा. मी म्हटलं, मग तूच लिही. ती म्हणाली, लिहिते, दे इकडे. मी म्हटलं, नबी एवढा थोर तर त्याने स्वतःच्या रथाची देखभाल करावी, सर्व्हिसिंग नावाची गोष्ट असते. ती म्हणाली, जीभ आवर. मी नाही आवरली. ओरडून घसा बसला.

मग आई एकदम शांत झाली.

“जीव जात असेल तर शनवार मोडायचा,” ती म्हणाली. “तोच नियम आहे. मोडायचा आणि विचारत बसायचं नाही.”

मी म्हटलं, रथाला कुठला जीव? ती म्हणाली, रथात कोण आहे ते तू बघितलंस का? तीन महिने चाकाकडेच बघते आहेस.

खरंच, आत कोण आहे हे मी लिहिलंच नव्हतं. वर हे सगळं बोलताना ती हसत होती! मी घसा फाडून ओरडते आहे आणि ही गालातल्या गालात हसते आहे. अशा वेळी फार राग येतो.

१५ फेब्रुवारी

रथात एक तापाने फणफणलेली मुलगी आहे. नबी तिला घेऊन निघाला होता. आता सगळं आपोआप येतंय. थांबवत नाही.

१ मार्च, रविवार

संपली.

रिबकाने बैलाला सोडून दिलं, पदर खोचला आणि स्वतः घाण्याला खांदा लावला. शनवारी, सगळ्या गावाच्या देखत. हाईम आणि दाऊद मागून आले. तिघांपैकी कुणीही त्या दिवशी कुठे पळून गेलं नाही. तेल आलं, चाक फिरलं, पोरगी वाचली.

आज शुक्रवार नव्हता, तरी लगेच वाचून दाखवलं. एवढ्या दिवसांच्या भांडणांनंतर वाटलं होतं काहीतरी मोठं बोलेल. ‘बरं झालं’ म्हणाली, चष्मा पुसला आणि पुढे म्हणाली, येत्या रविवारी मलिदा करू.

म्हणजे निघायची तयारी.

कमलाबाईंना मलिदा म्हणजे काय ते सांगावं लागलं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू नबीच्या नावाने ताट मांडायचं, गाणं म्हणायचं, सगळ्यांनी मिळून खायचं. साखरपुडा असो, नवस फेडायचा असो, कुणी परगावी निघालेलं असो, ताट तेच. कमलाबाई म्हणाल्या, नबी तुमचा, पोहे सगळ्यांचे.

५ मार्च

खोबरं फ्रोझनच मिळालं. आईने पाकिटाकडे असं बघितलं की ते तिथेच वितळलं असतं.

८ मार्च, रविवार

मलिदा झाला. आता पाय दुखतायत.

दहा पुरुष हवेत, हा मूळ नियम. सिनेगॉगमधले दोन आजोबा आले, राकेश आणि असोसिएशनचे तिघं, मराठी मंडळाचा नंदू. पुढे मोजणी अडली. आई म्हणाली, बायका धरून मोजा, इतक्या थंडीत नबी हजेरी घेत नाही. ठाण्यात हे बोलली असती तर प्रार्थना चालवणाऱ्या हझानने तिला जिन्यावरून परत पाठवलं असतं.

मंडळाची रश्मी शाल आणि नारळ घेऊन आली, आणि विमानात मानेला लावायची फुगीर उशी. सगळ्यांसमोर भाषण केलं – “काकू, वी आर सो गोना मिस यू, पण नेक्स्ट समरला परत यायचं, ओके? आणि लँड झाल्यावर व्हॉट्सॲप करायचं!” सगळ्यांचे डोळे ओले. आईने शाल पांघरून घेतली, उशी गळ्यात अडकवली आणि तशीच राणीसारखी बसून राहिली.

मग तिने गाणं धरलं. म्हातारा, चिरका आवाज, पण सूर पक्का. आम्हाला कुणाला शब्द येत नव्हते, मलाही अर्धेच. कमलाबाईंनी ताल धरला. फळं उचलून आशीर्वाद म्हणताना आईच्या हातातलं ताट कललं, तेव्हा मी ते खालून धरलं. तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, सगळे थांबलेले असताना. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवलं होतं, एवढंच म्हणते.

सिनेगॉगमधल्या एका आजोबांनी वाटीत डोकावून विचारलं, “इज धिस ग्रॅनोला?” मी हो म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतला.

पाहुणे गेल्यावर विचारलं, तारीख कधीची टाकायची? आई म्हणाली, उद्या बोलू, आज पोट भरलंय.

९ मार्च, सोमवार

शेवटी मोझूला फोन केला. आईला आणायला एअरपोर्टवर जाशील ना, विचारलं. तो म्हणाला, कोण, आई येतेय?

तिकीट नाही. कधीच नव्हतं.

आई मोठं ताट पुसत होती. विचारलं, मग काल मलिदा कशाचा केला? म्हणाली, नवसाचा. इथे आले त्या आठवड्यात बोलले होते. तू तेव्हा जगणार नव्हतीस.

मी त्या हिवाळ्याबद्दल कुणाला काही सांगितलेलं नाही. इथेही लिहिलेलं नाही.

ती म्हणाली, “हातातलं काम अर्धं टाकून तू कधी उठत नाहीस, लहानपणापासून. म्हणून ते पुस्तक तुझ्या मागे लावलं, आणि ते अडलं तेव्हा तिकिटाची थाप मारली. आता काढ तिकीट. आता मला जाता येईल.”

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडले. मग काढलं. पेसाखच्या सणानंतरचं, खिडकीजवळची सीट.